तांडेलाचे जावई

आमच्या वाडीत माणूस नुसता राहत नाही, कुणीतरी म्हणून राहतो. ज्यांच्या पणज्यांनी या किनाऱ्याला पहिली होडी लावली ते गावकर. मुंबईला गेलेले ते चाकरमानी. त्यांच्या घराला वर्षातले अकरा महिने कुलूप असलं तरी गावकीत त्यांचा शब्द चालतो. मी शाळेत बदली होऊन आलो, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो आणि निवृत्त झाल्यावरही गेलो नाही, म्हणून मी बिऱ्हाडकरू. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या दारातही शिमग्यात देवीची पालखी येते, घरमालकाच्या नावानं का होईना.

पण या सगळ्या नावांमध्ये एक नाव वाडीत एकाच माणसाला होतं. जावयबापू. लहान पोरांपासून माझ्यापर्यंत सगळे त्याला हीच हाक मारत. त्याचं नाव धाकू. लिहिताना मी त्याला धाकूच म्हणणार आहे, कारण त्याची तीच इच्छा होती आणि ती कुणी ऐकत नव्हतं.

धाकू मूळचा गुहागरकडचा. तरुणपणी इथल्या एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, हाताखाली खलाशी म्हणून आला. तांडेलाला एकच मुलगी, गुणवंती. धाकू कामाला वाघ, बोलायला गरीब. तांडेलानं मुलगी दिली आणि जावयाला घरीच ठेवून घेतला. आता घरजावई म्हटला की लोक चेष्टा करणारच. पहिल्याच वर्षी होळीच्या रात्री कुणीतरी बोंब मारताना ‘तांडेलाचा पाळलेला बोका’ अशी जोड दिली आणि सगळी वाडी हसली. धाकूही हसला. तांडेल मात्र हसला नाही.

तांडेल हा मोठा मानी माणूस. दुसऱ्या दिवशी पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझा जावई हा साऱ्या गावाचा जावई. त्याचा मान कमी होईल असं कुणी कधी वागणार नाही, असा शब्द मला आईसमोर द्या." सगळ्या गावकरांनी एकेक करून पालखीच्या दांड्याला हात लावला. शब्द दिला गेला. पुढे पाच-सहा वर्षांत तांडेल वारला. शब्द राहिला.

आमच्या गावकरांचे दोष मी पुष्कळ सांगू शकेन, पण आईसमोर दिलेला शब्द ते मोडत नाहीत. त्यांनी धाकूचा मान असा काही ठेवला की त्या बिचाऱ्याला श्वास घेता येईना.

लग्नकार्यात त्याला पहिल्या पंगतीत बसवत. तो वाढायला उठला की हातातलं भांडं काढून घेत. होड्या किनाऱ्याला लागल्या की चांगलं पापलेट निवडून आधी त्याच्या घरी जाई. कुणाचं जाळं फाटलं तर त्याच्याइतका सफाईनं ते सांधणारा दुसरा नव्हता, पण त्याला सांगायचं कसं, म्हणून लोक स्वतःच वेडंवाकडं सांधत. पत्ते खेळायला बसला तर समोरचा हातातला हुकूम लपवून त्याला जिंकू देई. धाकूच्या ते लक्षात येई. मग त्यानं पत्ते सोडले. विहिरीचा गाळ काढायचा असो, पाखाडीच्या पायऱ्यांचे जांभे बसवायचे असोत, वाडीत ‘घरटी एक माणूस’ अशी हाक होई. तांडेलाच्या घरातून माणूस नाही, जावई आहे, असं धरून ते घर वगळलं जाई. तो आपणहून फावडं घेऊन गेला तर कुणीतरी धावत जाऊन प्लॅस्टिकची खुर्ची आणी. "बसा वो जावयबापू. उन्हात कशाला उभे?"

"मला काम करायचं हाय."

"असं कसं? तांडेल वरून बघतोय."

पालखीचं तर विचारूच नये. आमच्याकडे पालखी एका अंगणातून पुढच्या अंगणात जाते, तेव्हा त्या घरच्या पुरुषानं पुढच्या बाजूला खांदा द्यायचा, अशी रीत आहे. तांडेलाच्या घरासाठी हा खांदा त्याचा पुतण्या रूपेश मुंबईहून येऊन देई. आदल्या दिवशी यायचा, खांदा द्यायचा, मटण खायचा आणि रातराणीनं परत जायचा. वर्षभर त्या घराचं दार उघडणारा धाकू अंगणात खुर्चीवर. केरू हा आमच्या वाडीचा मुख्य गावकर. तो देवीला गाऱ्हाणं घाली, "तांडेलाच्या घरातल्या गुणवंतीला, सगळ्या माणसांना, आणि आलेल्या पाव्हण्याला सुखी ठेव गे आई." मागून सगळे म्हणत, "होय म्हाराजा." हा आलेला पाहुणा येऊन तीस वर्षं झाली होती.

गुणवंती होती तोवर त्याचं निभत होतं. ती त्याला खूप बोलायची. मी माझ्या खिडकीतून ऐकत असे. "डोळे हायत का बटणं? टोपलीतलं चिंगूळ मांजर नेतंय नि हे बसलेत बिडी ओढत!" तिचा आवाज चढला की धाकूचा चेहरा कसा सैल होई, हे मी पाहिलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात ती गेली. मुलगी नेत्रा रत्नागिरीत दिलेली. घरात धाकू एकटा, आणि घराबाहेर सगळे हात जोडून.

वर्षश्राद्ध झाल्यावर तो पिशवी भरून गुहागरला निघाला. मला म्हणाला, "आमच्या गावाला जातो, गुरुजी. बघतो तिकडं राहायला जमतं का." चार दिवसांत परत आला. त्यानंच सांगितलं.

"भावाच्या पोरांनी चांगलं केलं. कोंबडी कापली. सतरंजी नवी घातली. नि धाकट्यानं विचारलं, ‘किती दिवस हाव, काका?’"

"सहज विचारलं असेल."

"सहजच विचारलं. पाव्हण्याला सहजच विचारतात."

त्यानं बिडी पेटवली. मग म्हणाला, "तिथं मी इथला, नि इथं मी तिथला. गुरुजी, तुमी शिकलेले. मला सांगा, जावई म्हणजे कोण? दोन दिवस येतो, मान घेतो नि जातो तो. मी जाऊ कुठं?"



यंदाच्या शिमग्याआधी देवळात गावकी बसली. मीही पायरीवर होतो; गुरुजी म्हणून मला कुणी उठवत नाही. केरूनं सांगितलं की रूपेशचा फोन आला, त्याला रजा मिळत नाही, तेव्हा तांडेलाच्या घरचा खांदा केरूचा पुतण्या शिवा देईल. पुढचा विषय निघणार तेवढ्यात धाकू उठला. तो खुर्चीवरून उठला, म्हणजे बाकी सगळे जमिनीवर होते आणि तो एकटा खुर्चीवर होता.

"खांदा मी देणार," तो म्हणाला.

लोक हसले. वाईट हसले नाहीत. मूल बोबडं बोलल्यावर हसतात तसे.

"काय जावयबापू, मस्करी करता?" केरू म्हणाला.

"मस्करी नाय. माझं घर हाय, मी खांदा देणार."

"घर तुमचंच. नाय कोण म्हणतो? पण तुमच्या खांद्यावर भार टाकायचा म्हणजे..."

"गुणवंतीच्या तिरडीला माझा खांदा लागला. तेव्हा नाय कुणी मला खुर्ची आणून दिली."

केरू मनानं वाईट नाही. त्यानं खाली बघितलं, टोपी काढून परत घातली. म्हणाला, "तो नवऱ्याचा खांदा. हा गावकराचा. नि आमी शब्द दिलाय, जावयबापू."

"मग मला त्या शब्दातून सोडवा."

"शब्द तुमाला कुठं दिला? शब्द तांडेलाला दिला. त्यानं घेतला, त्यानंच सोडवायला पायजे."

"तो मेला!"

"तेच तर," केरू म्हणाला. आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला.

धाकू देवळातून निघून गेला. त्या दिवसापासून त्यानं मान घेणं बंद केलं. पापलेट आलं तर दारातून परत. कुणी ‘जावयबापू’ म्हटलं तर ओ नाही. वाटेत कुणी हात जोडले तर हा मान फिरवून पुढे. त्याचा हिशेब साधा होता: मी जावयासारखा वागलोच नाही तर हे मला जावई कसे म्हणतील? एवढी वर्षं या लोकांत काढूनही तो इथं चुकला. कारण जावई कसा वागतो हे आपल्याकडे कुणालाही विचारा. जावई रुसतो.

दोन दिवसांत वाडीभर झालं, "जावई रुसले." बायका नळावर बोलू लागल्या, आपलंच काही कमी पडलं असणार. तांडेल असता तर अशी वेळ आली नसती. चौथ्या दिवशी सकाळी पाच गावकर नारळ, टोपी आणि एक जिवंत कोंबडा घेऊन त्याच्या अंगणात उभे राहिले. मी कुंपणाशी जास्वंदी काढत होतो. फुलं काढून झाली तरी तिथंच राहिलो.

"काय चुकलं आमचं, सांगा," केरू म्हणाला. "काय कमी पडलं?"

"कमी?" धाकू ओरडला. "सगळं जास्त झालंय! हे उचला! तो कोंबडा उचला आधी!"

"कोंबडा लहान वाटला काय?" मागून एकानं हळूच विचारलं.

"दुसरा आणू," दुसरा म्हणाला.

धाकूनं कपाळावर हात मारला. "अरे, मला शिव्या घाला! माझ्याशी भांडा! केरू, तुझ्या माडाच्या झावळ्या माझ्या कौलांवर पडतात, मी कधी तुला बोललो? तू म्हण ना, पडतात तर पडतात, काय करशील ते कर!"

केरूचा चेहरा एकदम पडला. "असं होय," तो म्हणाला. "आधी सांगायचं ना, जावयबापू."

दुपारपर्यंत तो माड तोडलेला होता. चांगला नारळांनी लगडलेला, धरता माड होता. धाकू अंगणात बसून आडव्या पडलेल्या माडाकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं होतं, असं तो मला म्हणाला.

पालखी आमच्या बाजूला आली त्या दिवशी ऊन फार होतं. नेत्रा आदल्या दिवशीच आली होती. आईच्या माघारी ओटी भरायला तीच. तिनं अंगण सारवून रांगोळी काढली, औक्षणाचं ताट केलं. कुणीतरी खुर्ची आणून ठेवली होती. धाकू तिच्यावर बसला नाही. खुर्ची अंगणाच्या मध्यावर रिकामी आणि हा दाराच्या चौकटीला टेकून उभा.

ढोल वाजत पालखी आली. नाचवली. खाली ठेवली. नेत्रानं ओटी भरली. केरूनं हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. गुणवंतीचं नाव आता त्यात नव्हतं. "तांडेलाच्या घरातल्या लेकीबाळींना, मुंबईत असलेल्या रूपेशला, आणि आलेल्या पाव्हण्याला सुखी ठेव गे आई."

"होय म्हाराजा."

मी धाकूकडे बघत होतो. त्या ‘होय म्हाराजा’वर त्याचे ओठ हलले नाहीत. पालखी उचलली गेली, शिवा पुढच्या दांड्याखाली जायला वाकला, आणि त्याच्या आधी धाकू तिथं गेला. त्यानं दांडा खांद्यावर घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि पाय रोवून उभा राहिला.

ढोल थांबला.

मागचे खांदेकरी जागच्या जागी थिजले. पालखी खांद्यावर, पण पाऊल कुणाचं उचलेना. जावयाला ओझं वाहायला लावून चालायचं कसं? आणि त्याला बाजूला तरी कसं करायचं? त्याच्या हाताला धरून ओढायचं म्हणजे मान गेला. ओरडायचं म्हणजे शब्द गेला. शिवा अर्धा वाकलेला तसाच राहिला.

"सोडा वो जावयबापू," केरू म्हणाला. "हात जोडतो."

"जोड."

"लोक बघतायत."

"बघू दे."

"आईला काय सांगू मी? शब्द मोडला म्हणून?"

"ती इथंच हाय," धाकू म्हणाला. "विचार तिला."

देवीला एवढी मोठी गोष्ट असं उन्हात, घाम पुसत कुणी विचारत नाही. नेत्रा ताट घेऊन जवळ आली. "बाबा, राहू दे ना. सगळे थांबलेत."

"तू ताट सांभाळ, बाय. दिवा विझेल."

मी घड्याळ पाहिलं नाही, पण निरांजनातलं तूप संपून नेत्रानं पुन्हा घातलं एवढा वेळ ती पालखी त्या अंगणात तशीच उभी होती. वरच्या घरांतून माणसं डोकावू लागली. कुणी म्हणे, पालखी अडली. कुणी म्हणे, आई कोपली. धाकूच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. त्याला सवय नव्हती. दांडा मानेजवळ घेतला होता, तो खांद्याच्या हाडावर घ्यायचा असतो. हेही त्याला कुणी सांगितलं नाही; जावयाची चूक काढायची नसते.

तेवढ्यात पाखाडीवरून काठी आपटत सोनूबाई खाली आली.

सोनूबाई गुणवंतीची चुलत काकी, म्हणजे धाकूची चुलत सासू. वय ऐंशीच्या पुढे. पुढचं घर तिचंच. पालखी येऊन जाईपर्यंत ती सकाळपासून तोंडात काही घालत नाही, चहासुद्धा नाही.

"ढोल का थांबला रे?" तिनं लांबूनच विचारलं. "कोण मेलं?"

"कोण नाय, काकी," केरू म्हणाला. "जावयबापूंनी खांदा घेतलाय. सोडत नायत."

सोनूबाई अंगणात आली. पालखीला नमस्कार केला. मग धाकूच्या पुढ्यात उभी राहून तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय रे धाक्या," ती म्हणाली, "मेल्या, पोटात आग पडलीय माझ्या! सकाळपास्नं पाण्याचा घोट नाय. नि तू इथं खांबासारखा उभा? लाज नाय वाटत?"

शिवा अर्धा वाकलेला होता तो एकदम सरळ झाला.

"काकी!" केरू घाबरून म्हणाला. "जावई हायत ते! शब्द दिलाय आपण!"

"कुणी दिला?"

"साऱ्या गावानं."

"मी नाय दिला," सोनूबाई म्हणाली. "गावकीत बायकांना बसवता तुमी? त्या दिवशी मी घरात तुमच्यासाठी पोळ्या लाटत होते. तुमी बाप्यांनी दिलात, तुमी पाळा. मला भूक लागलीय." ती पुन्हा धाकूकडे वळली. "धरलास ना दांडा? मग चाल. नाय जमत तर ठेव खाली नि आत जाऊन नीज. पण काय ते एक कर, मेल्या!"

धाकूनं पाऊल उचललं. पालखीचं असं असतं की पुढचा चालू लागला की मागच्याला चालावंच लागतं, नाहीतर पालखी पडते. मागचे चालू लागले. ढोलवाल्यानं केरूकडे पाहिलं, केरूनं आकाशाकडे पाहिलं, आणि ढोल सुरू झाला.

त्यानं पालखी चांगली नेली, असं म्हणायला मला आवडलं असतं. तशी ती नेली नाही. पाखाडीच्या पायऱ्यांवर त्याचं पाऊल तालात पडत नव्हतं, पालखी एका बाजूला झुकत होती आणि बाजूनं शिवा, पडलीच तर म्हणून, आपला हात दांड्याला न लावता नुसता खाली धरून चालला होता. सोनूबाई सबंध वाट मागून बोलत होती. "सरळ चाल! उजवीकडं जांभा सुटलाय, बघ! आईला पाडतोस काय? एवढा मोठा घोडा झाला नि चालता येत नाय!" धाकूनं एकदाही मागे पाहिलं नाही.

तिच्या अंगणात पोचल्यावर खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायची रीत आहे. तिच्या सुनेनं तांब्या आणला. सोनूबाईनं तो तिच्या हातून घेतला आणि चौघांच्या पायांवर घातला. धाकूच्या पायांवर इतरांइतकंच घातलं, जास्त नाही. मग त्याच्या खांद्याकडे बघून म्हणाली, "सोललंय. खोबरेल लाव." आणि देवीची ओटी भरायला वळली, कारण तिला अजून जेवायचं होतं.

धाकू माझ्याकडे आला आणि अंगणाच्या गडग्यावर बसला. सदरा खांद्यावरून ओला झाला होता, तो सारखा दोन बोटांनी उचलून धरत होता.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच गावकर नारळ घेऊन धाकूच्या अंगणात आले. मी चहा पीत त्याच्याच ओट्यावर होतो. सगळ्यांचे चेहरे गंभीर होते.

"जावयबापू," केरू म्हणाला, "काल जे झालं ते बरं नाय झालं. म्हातारी काहीबाही बोलली. वय झालंय तिचं. एवढ्या लोकांत तुमाला एकेरी... आमाला रात्रभर झोप नाय. तुमी मनाला लावून घेऊ नका. गावाच्या वतीनं माफी मागायला आलोय."

धाकूनं कपातला उरलेला चहा अंगणात भिरकावला.

"माफी?" तो म्हणाला. "तीस वर्षांत एका माणसानं मला माणसासारखी हाक मारली नि तिची तुमी माफी मागता? निघा! निघा इथनं! तो नारळ माझ्या टाळक्यात घाला, पण निघा! नि केरू, तो माड! माझ्यासाठी धरता माड तोडलास तू, अक्कल नाय तुला? तुझा बाप पण असाच होता!"

असा मी त्याला कधी पाहिला नव्हता. केरूच्या बापावरून तो केरूच्या आज्यावर गेला, तिथून गावकीवर, रूपेशवर आणि शेवटी स्वतः तांडेलावर. तांडेलाला त्यानं जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. बोलताना त्याचा आवाज फुटला आणि तो आत जाऊन दार लावून बसला.

गावकर हळूहळू पाखाडी उतरू लागले. नारळ केरूच्या हातातच होता.

"काय करायचं आता?" एकानं विचारलं.

"काय करणार," केरू उसासून म्हणाला. "जावई परत रुसले."

पुढच्या शिमग्याला खांदा कुणाचा, हे अजून ठरलेलं नाही. रूपेश म्हणतो तो येणार. केरू म्हणतो बघू. धाकूनं विषय काढला की गावकीत लोक आदरानं गप्प बसतात, आणि तो घरी येऊन माझ्यासमोर भिंतीवर मूठ आपटतो.

सोनूबाईनं मात्र त्या दिवसानंतर त्याला ‘जावयबापू’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिला बहुधा आयताच माणूस सापडला. पावस गावाहून औषध आणायला धाक्या, विहिरीतून पडलेला पोहरा काढायला धाक्या, रेशनच्या रांगेत धाक्या. परवा वैशाखातल्या उन्हात मी तिच्या घरावरून जात होतो. धाकू छपरावर बसून पावसाआधीची कौलं चाळत होता आणि ती खाली काठी टेकून उभी होती.

"गुरुजी, बघा," तो वरून म्हणाला. "सकाळपास्नं चढलोय, चहा विचारला नाय. आमाला काय जीव नाय?"

"आधी ते कोपऱ्यातलं बसव नीट," सोनूबाई म्हणाली. "मागच्या पावसात तिथनंच गळलं होतं. नि काल दोन कौलं फोडलीस, ती कोण देणार? तुझा बाप?"

"जुनी होती ती. हात लावला तर फुटली."

"हात लावला तर? पाय दिलास तू! मी काय आंधळी हाय? उद्या जा नि नवीन घेऊन ये."

"उद्या माझं जाळं सांधायचं काम हाय."

"मग परवा आण. पण आण."

धाकूनं माझ्याकडे बघून मान हलवली, ही म्हातारी कशी आहे बघा, अशा अर्थानं. मग कपाळाचा घाम मनगटानं पुसला आणि कोपऱ्यातल्या कौलाकडे सरकला.

"आणतो," तो म्हणाला.